चौथ्या वळणाचा निवाडा

१

निवाड्यांच्या वहीत तेविसावं पान नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या रीता राठोडच्या लक्षात आलं. ग्रीसनं काळं झालेलं बोट तिनं वहीच्या कोपऱ्यावर टेकवलं. "बावीस. मंग एकदम चोवीस. मॅडम, मधलं पान कुठं गेलं?"

तिच्या शेजारी तिची आई जमनाबाई बसली होती. तिला वहीतलं काही बघायचं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

शिरड शहापूरजवळच्या माळावर आमच्या मोटार क्रीडा मंडळाचा दोन किलोमीटरचा डांबरी ट्रॅक आहे. वर्षातून चार शर्यती होतात. गाड्या रस्त्यावर चालतात तशाच, घरगुती. फक्त आतून शर्यतीसाठी बदललेल्या. टूरिंग कार म्हणतात त्यांना. चूक करणाऱ्या चालकाला काय शिक्षा द्यायची ते दोन पंच ठरवतात. मुख्य पंच कोंडीबाकाका भालेराव, औद्योगिक शाळेतले निवृत्त मोटार निदेशक. दुसरी मी, ज्योती खंदारे. वसमतच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते.

भांडण दोन टकरींचं होतं. दोन्ही चौथ्या वळणावरच्या, ट्रॅकच्या पूर्वेकडच्या टोकाला.

सप्टेंबरच्या शर्यतीत मकरंद झंवरच्या गाडीनं रीताच्या भावाला, रणजीतला, मागून ठोकलं. रणजीतची गाडी गर्रकन फिरून गवतात गेली, तो पाचवा आला. मकरंदला शिक्षा काय, तर पाच सेकंद. तरीही तो पहिलाच राहिला. मग जानेवारीत मोसमाची शेवटची शर्यत झाली. प्रमुख पाहुण्यांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून ती सकाळी पावणेआठलाच सुटली. सहाव्या फेरीला रणजीतनं मकरंदला ठोकलं. त्याच वळणावर, तसंच मागून. रणजीत पहिला आला. आम्ही त्याला बाद केलं आणि वर्षभराची बंदी घातली.

'आम्ही' म्हणजे खरं तर मी. कोंडीबाकाका गप्प होते. रणजीत पंचांच्या खोलीत हेल्मेट हातात घेऊन ओरडत होता, "ओ बाई, मला दिसलंच न्हाई! समोरची काच सगळी पांढरी झाली! तुमी तिथं उभ्या राहून बघा की!" मला वाटलं, सप्टेंबरचा सूड घेतलाय आणि आता धुळीचं कारण सांगतोय. मी म्हणाले, "आवाज खाली. कारणं नकोत." आणि एकतिसाव्या पानावर सही केली.

"वीस तारखेला कोइमतूरला त्याची चाचणी व्हती," रीता आता सांगत होती. "मोठ्या संघाची. आमच्या मोसमाचा इजेता घेणार व्हते ते. बंदी हाय म्हणल्यावर कोण घेतंय? आमचं अपील एवढंच हाय मॅडम. एकाच वळणावर एकच चूक, मंग सजा दोन काहून? सप्टेंबरात काय कारण लिवलं ते दाखवा."

ते कारण तेविसाव्या पानावर होतं.

परभणीला राहणाऱ्या अध्यक्षांना मी मंडळाच्या कार्यालयातूनच फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी सुनावणी आहे. तोवर पान शोधा. हे काम तुम्हीच करा, खंदारे मॅडम. सप्टेंबरच्या शर्यतीला तुम्ही हजर नव्हता. त्या निवाड्यात तुमचा हात नाही."

खरं होतं. त्या दिवशी सकाळचा सराव पाहून मी पुसेगावला भाचीच्या बारशाला गेले होते.

२

कार्यालयाच्या किल्ल्या तीन. एक कोंडीबाकाकांकडे. दुसरी मकरंदकडे, कारण तो मंडळाचा सहचिटणीस होता. तिसरी भावसिंग पवारकडे. तो ट्रॅकची राखण करायचा आणि शर्यतीच्या दिवशी चौथ्या वळणावर झेंडा घेऊन उभा राहायचा. चौथा संशय रीतावर धरता आला असता. अपील द्यायला ती बुधवारी कार्यालयात आली होती आणि दहा मिनिटं एकटीच होती.

मी वही घेऊन खिडकीपाशी बसले. बाहेर कुणाच्या तरी शेतात हळदीची पानं वाळून पिवळी पडली होती. वही शिवलेली होती, जाड दोऱ्याची. अशा वहीतलं पान ओढून फाडलं तर शिवणीपाशी कागदाचे दात राहतात. इथं दात नव्हते. पट्टी धरून ब्लेडनं शिवणीच्या अगदी आत कापलेलं होतं.

शिवलेल्या वहीत प्रत्येक पानाला एक जोडीदार असतो. एक कापलं की दुसरं सुटतं. मी पुढची पानं चाळली. जोडीदार सुटलेला नव्हता. कुणीतरी पातळ कागदाची चिंचोळी पट्टी लावून, खळीनं, तो परत शिवणीला चिकटवला होता. पट्टी इतकी सरळ होती की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती.

चोराला घाई नव्हती, आणि वहीची काळजी होती.

मग मी चोविसावं पान पाहिलं. ते कोरं होतं. प्रत्येक निवाड्यानंतर कोंडीबाकाका एक पान अपिलासाठी कोरं सोडायचे. ते बॉलपेन असं दाबून लिहायचे की टेबलाच्या रेक्झीनवरही अक्षर उमटायचं. मी पेन्सिल आडवी धरून पानावर हलक्या हातानं फिरवली. राखाडी रंगातून पांढरी अक्षरं वर आली.

'वळण ४. सूर्य समोर. ऊन डोळ्यावर. हेतू दिसत नाही. ५ सेकंद.'

हे मला पटलं. चौथ्या वळणाकडे जाताना ऊन समोरून येतं. सकाळी सराव पाहताना मी स्वतः डोळ्यांवर हात धरला होता. म्हणजे निवाड्यात काही काळंबेरं नव्हतं. मग पान कापलं कशाला?

त्याखाली अजून एक ओळ होती. तिची सुरुवात उमटलेली नव्हती.

'... यांच्या सल्ल्यावरून.'

पंचांना सल्ला देणारा हा कोण?

३

मकरंदचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान जवळा बाजारला आहे. मी गेले तो बाजाराचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मला पाहताच त्यानं गल्ल्यावर माणूस बसवला आणि आतल्या खोलीत खुर्ची पुसून दिली.

"मॅडम, फोन केला असता तर मीच आलो असतो."

असाच बोलायचा तो. प्रत्येक शर्यतीनंतर पंचांच्या खोलीत दारावर टकटक करून यायचा, नमस्कार करायचा, हळू आवाजात बोलायचा. मला ते आवडायचं.

"सप्टेंबरच्या टकरीबद्दल विचारायचंय," मी म्हणाले. "पंचांना तुम्ही काय सांगितलं?"

"जे झालं ते. ब्रेक उशिरा दाबला. चूक माझी."

"आणि उन्हाचं?"

"कुठल्या उन्हाचं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरंच कोरा होता.

"निकालात लिहिलंय की ऊन तुमच्या डोळ्यावर आलं."

"मी असं बोललो नाही, मॅडम. मला फक्त शिक्षेची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर कारण नसतं. मला वाटलं होतं वीस सेकंद तरी बसतील. पाच बघून मीच चकित झालो. आनंदही झाला. खोटं कशाला बोलू? त्यामुळे मी काही विचारलं नाही."

"तुमच्या घरचं कुणी कोंडीबाकाकांशी बोललं?"

तो दुखावला. पण आवाज चढवला नाही. "काका चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला पितात. त्यांना कोण काय सांगणार? आणि एक सांगू? रणजीतनं जानेवारीत मला ठोकलं, तेव्हा तो मुद्दाम करतोय असं मला वाटलं नव्हतं. मुद्दाम ठोकणारा शेवटच्या क्षणी गाडी डावीकडे ओढत नाही. त्यानं ओढली. मी आरशात पाहिलं."

"हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मला विचारलंच नाही, मॅडम."

परतीच्या वाटेवर मी स्वतःशी मोजत राहिले. मकरंदला वहीत काय आहे ते माहीतच नव्हतं. ज्या पानाची गोष्ट माहीत नाही ते पान कोण चोरेल? पण मग उन्हाचं कारण चालकानं दिलंच नसेल, तर ते आलं कुठून?

४

भावसिंग चौथ्या वळणावरचे टायर चुन्यानं रंगवत होता. दुपार कलली होती. मी त्याला पानावरची ओळ वाचून दाखवली.

त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला.

"मॅडम, तुमी फिजिक्स शिकवता ना?"

"हो."

"मंग या इकडं. उभ्या ऱ्हा. गाडी तिकडून येऊन राहिली, असं समजा."

मी ट्रॅकच्या मधोमध उभी राहिले. चौथ्या वळणाकडे, पूर्वेला तोंड करून. माझी सावली माझ्या पुढे, लांबलचक, थेट वळणापर्यंत पडली होती.

"सप्टेंबरची शर्यत साडेचारला सुटली," भावसिंग म्हणाला. "आत्ता वाजले चार. उन्ह कुठं हाय?"

ऊन माझ्या पाठीवर होतं.

"त्या दिवशी मकरंदशेठच्या डोळ्यावर उन्ह येणार कसं? सूर्य काय उलटा फिरला? ते मी माझ्या चिठ्ठीत लिवलं न्हाई. मी लिवलं, 'ब्रेक उशिरा.' बस."

एका प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा आला होता आणि तो जास्त वाईट होता.

"भावसिंग, सकाळी आठला इथं ऊन कुठं असतं?"

"सकाळी?" त्यानं वळणाच्या पलीकडे, तुरीच्या शेतावर बोट रोखलं. "सीधं तोंडावर. जानेवारीत तर सूर्य लई खाली ऱ्हातो. माझ्याच डोळ्याला पाणी लागलं व्हतं. काचेला जरा धूळ असली की सगळं पांढरं फट्ट."

समोरची काच सगळी पांढरी झाली, बाई.

रणजीत धुळीबद्दल बोलत नव्हता. तो उन्हाबद्दल बोलत होता. तुम्ही तिथं उभ्या राहून बघा, म्हणत होता. मी तीन आठवड्यांनी, तेही पान शोधायला म्हणून, तिथं उभी राहिले होते.

"हे तू पंचांना सांगितलंस?"

"सांगाया आलो व्हतो. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत. आतून तुमचा आवाज आला, 'कारणं नकोत.' मी म्हणलं, आता पोरगं बी तांड्याचं, मी बी तांड्याचा. माझं कोण खरं धरतंय? आलो परत."

ज्याच्या डोळ्यांवर ऊन नव्हतं त्याला उन्हाची सूट मिळाली होती, आणि ज्याच्या डोळ्यांवर होतं त्याला बंदी. सप्टेंबरचा तो सल्ला देणाऱ्यावर मला संताप आला. कुणी दिला असेल हा सल्ला? संध्याकाळची शर्यत पाहिलेला माणूस असं म्हणूच शकत नव्हता. चौथं वळण ज्यानं फक्त सकाळी पाहिलं, त्यालाच तिथं ऊन समोरून येतं असं वाटणार.

"भावसिंग, फाटकावरची वही आहे ना तुझ्याकडे? येणाऱ्या-जाणाऱ्यांची?"

"हाय की. बराबर ठेवलीय."

त्यानं खोलीतून वही आणून दिली. सप्टेंबरमधल्या त्या रविवारचं पान भरलेलं होतं. मी फक्त जाण्याच्या वेळा पाहत गेले. सहा वाजता, साडेसहा, सव्वासहा. सगळे शर्यत संपल्यावर गेलेले. दुपारच्या आधी परत गेलेला माणूस एकच होता. आगमन सात वाजून दहा. निर्गमन अकरा.

पुढची सही वाचायला मला वेळ लागला नाही. ती माझीच होती.

५

आधी मला राग आला. असं कसं होईल? मी कुणाला सल्ला दिला नव्हता. मी तर पुसेगावला होते, पाळण्याभोवती बायकांची गर्दी होती, कुणीतरी माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी दिली होती.

मग आठवलं की माझ्या दुसऱ्या हातात फोन होता.

मी मोटारीत बसून वॉट्सॲप उघडलं. कोंडीबाकाकांचं नाव. बोट वर वर सरकवत सप्टेंबरपर्यंत गेले. रविवार, पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं. त्यांचा फोन, बोलणं झालं होतं पन्नास सेकंद. त्याखाली पावणेसहाचा त्यांचा निरोप.

'तू म्हणलीस तसंच लिहिलं. ऊन डोळ्यावर. पोरगा सभ्य आहे. ५ सेकंद.'

त्याखाली माझं उत्तर. शब्द नव्हता. नुसता वर केलेला अंगठा.

आता सगळं ऐकू आलं. मागे पाळण्याची गाणी, आणि काका विचारताहेत, "ज्योती, मकरंदनं चार नंबरवर रणजीतला ठोकलं. काय करावं?" आणि मी, फोन कानाला दाबून, "अहो काका, तिथं ऊन डोळ्यावर येतं. मुद्दाम नसेल केलं त्यानं. सभ्य मुलगा आहे तो. पाच सेकंद द्या." शर्यत किती वाजता झाली ते मी विचारलं नव्हतं. ठोकर कशी बसली तेही नाही. मग मला कुणीतरी नाव ठेवायला बोलावलं आणि मी फोन पर्समध्ये टाकला.

पन्नास सेकंद. मी ते विसरूनही गेले होते. आणि चार महिन्यांनी त्याच जागी, त्याच चुकीसाठी, दुसऱ्या मुलाच्या तोंडावर मी म्हटलं होतं, कारणं नकोत.

मी मोटार सुरू केली आणि कोंडीबाकाकांच्या घराकडे वळवली.

६

पान कुणी कापलं ते आता विचारायची गरज नव्हती. तरी मी क्रमानं विचार केला, कारण क्रमानं विचार न करण्याचा परिणाम मी नुकताच पाहिला होता. मकरंदला वहीतलं कारण माहीत नव्हतं. भावसिंगला ते पान हवंच होतं. त्यातली उन्हाची सूट रणजीतच्याच कामी आली असती. रीतानं तर अपीलच त्या पानासाठी केलं होतं. कापलं, तेही वहीचं जोडीदार पान वाचवून, नीट पट्टी लावून, ते काम एकाच माणसाच्या हाताचं होतं. चाळीस वर्षं पोरांना इंजिनाचे वायसर जागच्या जागी ठेवायला शिकवलेल्या हाताचं.

कोंडीबाकाका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

"कळलं तुला," ते म्हणाले.

"पान कुठं आहे, काका?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी न घातलेलं, गुंडाळलेलं पान. ओळीची सुरुवात आता स्पष्ट होती. 'सौ. खंदारे यांच्या सल्ल्यावरून.'

"जाळणार व्हतो. हात झाला न्हाई."

"का केलंत?"

"काहून म्हणून विचारतेस?" त्यांचा आवाज फाटला. "ती दोन पानं अध्यक्षासमोर शेजारी ठेवली की झालं. म्हणतील, बाईनं एकाला ऊन माफ केलं, दुसऱ्याला न्हाई. पोरी, मी बावीस साली तुझं नाव सुचवलं तेव्हा लोक काय म्हणले तुला म्हाईत न्हाई. 'ह्यांच्यातली बाई आता आमच्या गाड्यांचा निवाडा करणार का?' आपल्या समाजाच्या माणसाला त्या खुर्चीवर बसायला किती वर्षं लागली! आणि एका पानापायी..."

"आणि जानेवारीत? तुम्हाला सप्टेंबरचं आठवलं नव्हतं?"

त्यांनी चपलेचा अंगठा मातीत घोळवला.

"आठवलं व्हतं. तू लई तापली व्हतीस. निकाल भोंग्यावर सांगून बी झाला. मी म्हणलं, जाऊ दे. पोरगं तसं तोंडाळच हाय."

"सप्टेंबरमध्ये संध्याकाळ होती, काका. ऊन पाठीवर होतं. तुम्ही तिथंच होता. माझं ऐकून चुकीचं कसं लिहिलंत?"

"तू फिजिक्सवाली. मला वाटलं, तुला जास्त कळतं."

त्यांनी पान माझ्या हातात दिलं आणि बोटं सोडली नाहीत.

"इथंच फाड. मी म्हणीन, मीच हरवलं. मी म्हातारा माणूस, दोन दिवस बोलतील अन् सोडून देतील. तुला आयुष्यभर ऐकवतील."

खरं सांगायचं तर माझाही हात क्षणभर थांबला. त्याचं कारण काका नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजची स्टाफरूम आली, तिथले चेहरे आले. मी पान ओढून घेतलं तेव्हा त्याचा एक कोपरा त्यांच्या बोटांत राहिला.

७

रविवारी कार्यालयाच्या टिनाच्या खोलीत अध्यक्ष, मकरंद, भावसिंग, रीता, जमनाबाई आणि कोंडीबाकाका होते. रणजीत आला नव्हता. मी तेविसावं आणि एकतिसावं पान शेजारी ठेवलं.

मी उभी राहून वाचलं. फोनची वेळ सांगितली, अंगठ्याचंही सांगितलं. वळणाची दिशा, दोन्ही शर्यतींच्या वेळा, सावली कुठं पडते ते सांगितलं. पान कुणी कापलं ते सांगायच्या आधीच कोंडीबाकाका उभे राहिले. "मी कापलं. तिचा त्यात काही संबंध न्हाई." मग खाली बसले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला, जणू आता काही बघायचं नव्हतं.

अध्यक्षांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. "सप्टेंबरचा निकाल आता उघडता येत नाही. मुदत संपली. जानेवारीत ऊन होतं हे मान्य. जी सूट एकाला, तीच दुसऱ्याला. रणजीत राठोड, पाच सेकंद. मकरंद बावीस सेकंद मागे होता. म्हणजे शर्यत रणजीतचीच, आणि मोसमाचं अजिंक्यपदही. बंदी रद्द."

मकरंदनं मान हलवली. "बराबर आहे, साहेब."

"आणि चाचणी?" रीता म्हणाली.

वीस तारीख चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

"माझी एक मागणी आहे," मी म्हणाले. "मी त्याला वर्षाची बंदी घातली होती. न ऐकता. तीच मला घाला. वर्षभर मी पंच म्हणून बसणार नाही."

"राजीनामा देताय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"राजीनामा दिला तर सुटल्यासारखं होईल. शिक्षा द्या आणि वहीत लिहा. कारणासकट."

त्यांनी लिहिलं. मी माझ्या बाजूची सही केली. कोंडीबाकाकांनी त्याच दिवशी पद सोडलं. ट्रॅकबाहेर ते माझ्यापुढून गेले आणि न थांबता म्हणाले, "आता लोक बोलतीलच. तुला आणि मला." बोलले. कॉलेजात एकानं हसत विचारलं, "मॅडम, सूर्य कुठून उगवतो हो?" त्याला उत्तर द्यायचा हक्क मला उरला नव्हता.

८

दोन दिवसांनी मी तांड्यावर गेले.

रणजीत घरामागच्या पत्र्याखाली गाडीच्या पोटात शिरला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. रीतानं त्याला हाक मारली. पाय हलले नाहीत.

जमनाबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. चहा ठेवला. मी माफी मागितली. घरून जुळवून आणलेली वाक्यं होती, ती सगळी म्हणून झाली. ती ऐकत राहिली. चुलीतलं लाकूड मागे ओढून ती म्हणाली, "कागदाचं मला कळलं, बाई. रीतानं सांगितलं. फोनचं बी कळलं. एक न्हाई कळलं."

"काय?"

"उन्ह तुमाला म्हाईत व्हतं. त्या शेठच्या पोराला तुमी स्वतःहून देलं. त्यानं मागितलं बी न्हवतं. माझं पोरगं मागून राहिलं, तर देलं न्हाई. काहून?"

अध्यक्षांनी हे विचारलं नव्हतं. वहीतही हे लिहिलेलं नव्हतं. पत्र्याखालचा पान्याचा आवाज थांबला होता.

मी खूप कारणं शोधली. सुडाचा संशय, घाई, पाहुण्यांची गडबड. ती सगळी खरी होती आणि त्यातलं एकही उत्तर नव्हतं.

"त्याचं बोलणं मला आवडलं नाही," मी म्हणाले. "मकरंद हळू बोलतो, मॅडम म्हणतो. हा ओरडला. ओ बाई म्हणाला. मला वाटलं, असं बोलणारा खोटंच बोलत असणार."

जमनाबाई रागावली नाही. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"आमी असंच बोलतो, बाई," ती म्हणाली. "सगळा तांडा असंच बोलतो."

माझी आई चतुराबाई शाळेत मला आणायला यायची तेव्हा फाटकातून अशीच हाक मारायची, अख्खा वर्ग वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. मी एकदा तिला म्हटलं होतं, तू उद्यापासून येऊ नको. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जमनाबाईलाही सांगितलं नाही. मी कप उचलला आणि चहा घेतला.

पत्र्याखालून रणजीत बाहेर आला. हात पुसले. माझ्याकडे न बघता रीताला म्हणाला, "तो चौदाचा पाना दे."

तिनं दिलं. तो पुन्हा गाडीखाली गेला.